पिशवीचे ऑपरेशन : मूत्रगळतीवरील शस्त्रकर्मानंतरच्या व्यापत्ती

२०१७ सालच्या आषाढात निवृत्तीला आलेल्या एक शिक्षिका आमच्या चिकित्सालयात आल्या. वय छप्पन्न, तीन प्रसूती, वातपित्तप्रधान प्रकृती, मलावष्टंभ जुनाच. मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह, वारंवार जावे लागणे आणि ओटीपोटात बोचल्यासारख्या वेदना ही त्यांची तक्रार होती. वर्षभरात तीन-चार वेळा प्रतिजैविके घेऊन झाली होती. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरे वाटे आणि पुन्हा मूळपदावर येई. पूर्ववृत्त विचारताना बाई म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी पिशवीचं ऑपरेशन झालंय." आम्ही रुग्णपत्रकावर 'गर्भाशय काढलेले' असे लिहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

मूत्रकृच्छ्र असे निदान करून चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ आणि तृणपंचमूळ क्वाथ सुरू केला. पथ्यापथ्य सांगितले. पहिल्या महिन्यात उपशय मिळाला, बाई समाधानी होत्या आणि आम्हीही होतो. दुसऱ्या महिन्यात दाह परतला, म्हणून औषधे बदलली. तिसऱ्यात मात्रा वाढवली. असे पाच महिने गेले आणि मग लघवीतून रक्त आले. सोनोग्राफीत मूत्राशयात खडा दिसला. शहरातील मूत्रविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा तो खडा मूत्राशयाच्या भिंतीतून आत आलेल्या एका जाळीदार पट्टीवर जमलेला आढळला. बाईंची 'पिशवी' म्हणजे लघवीची पिशवी होती. खोकताना-शिंकताना लघवी सुटते म्हणून मूत्रमार्गाखाली कृत्रिम धाग्यांची पट्टी बसवण्याचे ते शस्त्रकर्म होते. त्याचा कागद घर बदलताना हरवला होता आणि आम्ही तो मागितलाही नव्हता. पाच महिने आम्ही एका शल्यावर गोक्षुराचा काढा देत होतो.

ही चूक आज येथे मांडण्याचे कारण असे की, अशा रुग्णा आता आपल्यापैकी अनेकांकडे येतात. शस्त्रकर्म शहरात होते, परंतु नंतरची दुखणी घेऊन स्त्री घराजवळच्या वैद्याकडे येते, आणि बहुधा शस्त्रकर्माचा उल्लेख न करता येते. मूत्रगळतीविषयी बोलण्याचा संकोच एवढा असतो की, पुष्कळदा घरातील सुनेलाही त्याचा पत्ता नसतो.

उपद्रव की व्यापद्?

आपल्या सहव्यवसायींच्या बोलण्यात 'कॉम्प्लिकेशन' या शब्दासाठी सर्रास 'उपद्रव' हा शब्द येतो. शास्त्रदृष्ट्या तो येथे योग्य नाही असे आम्हांस वाटते. उपद्रव हा मूळ व्याधीच्या मागोमाग, त्याच व्याधीच्या आश्रयाने उत्पन्न होतो. चिकित्साकर्मातून जे उत्पन्न होते ते व्यापद्. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापत्ती सांगितल्या, सुश्रुताचार्यांनी पंधरा सांगितल्या. आणि त्यांची कारणे सांगताना परिचारक, औषध, वैद्य व रुग्ण यांपैकी कोणाच्याही वैगुण्याकडे बोट दाखवण्यास चरकाचार्य कचरले नाहीत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. उपद्रव म्हटले की चिकित्सा मूळ व्याधीची करावयाची असते. व्यापद् म्हटले की प्रथम प्रश्न येतो तो 'कोणते कर्म झाले होते?' हा. आमच्या हातून नेमका हाच प्रश्न राहिला.

ताणामुळे होणाऱ्या मूत्रगळतीला ग्रंथांत एक निश्चित नाव शोधण्याचा खटाटोप काही लेखांतून दिसतो. मूत्राघाताच्या प्रकारांत तिला कोठेतरी बसवले जाते. आम्हांस तो आग्रह अनाठायी वाटतो. अपानवायूची दुष्टी, प्रसूतीने शिथिल झालेल्या पेशी-स्नायू आणि वयोमानाने होणारा धातुक्षय एवढी संप्राप्ती ध्यानी असली की काम चालते.

शस्त्रकर्मे कोणती?

या व्याधीवरील शस्त्रकर्मांना शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्यातील तीन प्रकार आपल्याला ठाऊक असावेत, कारण प्रत्येकाच्या व्यापत्ती निराळ्या आहेत. पहिला, पोटावर छेद घेऊन मूत्राशयाच्या मानेलगतचा भाग वर टाके घालून टांगण्याचा. मार्शल, मार्केटी व क्रांट्झ यांनी १९४९ मध्ये तो वर्णिला आणि त्यात जघनास्थीला सूज येण्याची व्यापद् दिसू लागली. १९६१ मध्ये बर्च यांनी टाक्यांची जागा बदलली. तेव्हा अस्थीचा प्रश्न मागे पडला, परंतु योनीची पुढची भिंत वर ओढली गेल्याने मागील भिंत खाली उतरण्याचे प्रमाण वाढले. दुसरा प्रकार रुग्णेच्याच पोटावरील स्नायूच्या आवरणाची पट्टी काढून ती मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवण्याचा.

तिसरा प्रकार आज सर्वाधिक चर्चेतला. स्वीडनमधील उल्मस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम धाग्याची अरुंद जाळीदार पट्टी मूत्रमार्गाच्या मध्यभागाखाली, योनीतून सुई घालून बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अर्ध्या तासाचे काम, लहान छेद, दुसऱ्या दिवशी घरी. त्यामुळे ती जगभर पसरली. सुरुवातीस सुया जघनास्थीच्या मागून पोटावर काढत. त्यात मूत्राशयाला भोक पडण्याचा धोका असल्याने फ्रान्समध्ये डेलोर्म यांनी २००१ मध्ये जांघेच्या बाजूने जाणारा मार्ग सुचवला. पहिल्या मार्गाला टीव्हीटी आणि दुसऱ्याला टीओटी म्हणतात. डिस्चार्ज कार्डावर हीच अक्षरे शोधावीत.

व्यापत्तींचा काळ

शस्त्रकर्माच्या वेळी घडणाऱ्या गोष्टी, म्हणजे मूत्राशयवेध, रक्तस्राव, क्वचित आंत्राला इजा, या शल्यविशारदाच्या कक्षेतील आहेत. त्यांवर येथे थांबत नाही. आपला संबंध येतो तो रुग्णा घरी परतल्यावर.

पहिल्या पंधरवड्यातील मुख्य व्यापद् म्हणजे मूत्ररोध. पट्टी अधिक घट्ट बसली की मूत्रमार्ग दाबला जातो. यात फसवणूक अशी होते की, मूत्राशय तुडुंब भरला की लघवी थेंबथेंब बाहेर येत राहते आणि रुग्णेस व नातलगांस वाटते की ऑपरेशन फसले, गळती तशीच आहे. एका शेतमजूर स्त्रीला तिच्या सासूने शस्त्रकर्मानंतर सातव्या दिवशी आमच्याकडे आणले. "पैसे पाण्यात गेले," एवढेच सासूबाई म्हणत होत्या. आम्ही पोटावर हात ठेवला, तो नाभीच्या खाली ताठ गोळा लागला आणि ठोकून पाहता मंद ध्वनी आला. मूत्रजठराचे वर्णन ज्यांनी पाठ केले आहे त्यांना याहून निराळे काय सांगावे! नलिका घातल्यावर लिटरभराहून अधिक मूत्र निघाले. त्याच सायंकाळी तिला शस्त्रकर्म झालेल्या ठिकाणी परत पाठवले. तेथे पट्टी सैल केली गेली आणि तिची मूत्रप्रवृत्ती सुरळीत झाली. पट्टीभोवती ऊती वाढण्यापूर्वी हे काम सोपे असते. दिवस गेले की पट्टी कापावी लागते.

या स्त्रीला त्या दिवशी कोणी मूत्रल औषध दिले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा. मूत्रगळतीची तक्रार घेऊन आलेल्या कोणत्याही शस्त्रकर्मोत्तर रुग्णेस लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती मूत्र उरते हे सोनोग्राफीत मोजून घेतल्याशिवाय पुनर्नवा, गोक्षुर वा तत्सम औषधे देऊ नयेत, असा नियम आम्ही घालून घेतला आहे. ही तपासणी आता कोणत्याही तालुक्याच्या गावी होते.

यानंतरच्या महिन्यांत आढळते ती नव्याने उत्पन्न झालेली घाई. पूर्वी केवळ शिंकताना गळत असे, आता लघवीची भावना होताच धावत सुटावे लागते. कित्येक स्त्रिया सांगतात की, पूर्ण लघवी होण्यासाठी पुढे वाकावे लागते किंवा अर्धवट उभे राहावे लागते. ही खूण महत्त्वाची आहे. ती अवरोधाची सूचना देते. अशा वेळी केवळ वातशामक चिकित्सेवर विसंबणे योग्य नाही.

आणि मग वर्षांनंतर येणाऱ्या व्यापत्ती. पट्टीचा काही भाग योनीच्या भिंतीतून उघडा पडतो. तेव्हा पांढरा किंवा रक्तमिश्रित स्राव होतो, मैथुनसमयी वेदना होतात, कधी पतीलाच टोचल्याची जाणीव होते. आमच्या सहधर्मचारिणी याही वैद्य आहेत; हे शेवटचे लक्षण आजवर त्यांनाच सांगितले गेले आहे, आम्हांस एकदाही नाही. पुरुष वैद्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा. अशा स्रावाला श्वेतप्रदर समजून योनिधावन आणि पिचू चालू राहतात. पट्टी मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात उतरली तर वारंवार जंतुसंसर्ग, रक्तमूत्रता आणि खडा. आमच्या शिक्षिकेचे हेच झाले. जांघेच्या मार्गाने बसवलेल्या पट्टीनंतर मांडीच्या आतील बाजूस वेदना राहते. तिला ऊरुशूल समजून महिनोन्महिने पोटली-स्वेदन चाललेले आम्ही पाहिले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात प्रनष्टशल्याचे प्रकरण आहे. आत राहिलेल्या शल्यावर व्रण भरून येतो, परंतु दोषप्रकोप, व्यायाम, आघात, अजीर्ण यांमुळे ते हलले की पुन्हा पीडा देते, असे आचार्यांनी तेथे म्हटले आहे. शिक्षिकेचा प्रकार घडल्यावर आम्ही तो अध्याय पुन्हा वाचला. विद्यार्थिदशेत तो बाणांच्या टोकांविषयी आहे असे समजून आम्ही परीक्षेपुरता वाचला होता.

आकडे काय सांगतात?

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. परदेशांत या जाळीवरून मोठा गदारोळ झाल्यावर त्या बातम्यांची कात्रणे चिकित्सालयात लावून 'ऑपरेशन टाळा' असे सांगणारे काही वैद्य आम्हांस भेटले. हे योग्य नव्हे. घटना नीट पाहाव्यात. स्कॉटलंड, इंग्लंड या देशांत व्यापत्तीग्रस्त स्त्रियांनी अनेक वर्षे लढा दिला. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये मूत्रगळतीसाठी अशा पट्ट्या बसवण्यास स्थगिती दिली गेली. जुलै २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या वेदनांच्या तक्रारी वैद्यकव्यवस्थेने वर्षानुवर्षे गांभीर्याने घेतल्या नाहीत, हा त्यातील मुख्य ठपका होता. अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये योनिमार्गे बसवण्याच्या ज्या जाळ्यांची विक्री थांबवण्यास सांगितले गेले, त्या अंग खाली उतरण्यावरील मोठ्या जाळ्या होत्या. मूत्रगळतीच्या अरुंद पट्ट्यांना तो आदेश लागू नव्हता. आपल्याकडील चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते.

इंग्लंडमध्ये २००६ ते २०१५ या काळात पट्टी बसवलेल्या ९५,०५७ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी काढावी लागण्याचे प्रमाण पहिल्या वर्षाअखेर १.४ टक्के, पाच वर्षांनी २.७ टक्के आणि नऊ वर्षांनी ३.३ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांची पट्टी जागेवर राहते. परंतु प्रमाण वर्षागणिक वाढत जाते हेही त्यातच आहे, आणि वेदना सोसत काढून न घेणाऱ्या स्त्रिया या आकड्यात येत नाहीत. अमेरिकेत ५९७ स्त्रियांवर झालेल्या २०१० मधील तुलनेत जघनास्थीमागच्या मार्गानंतर अवरोधासाठी पुन्हा शस्त्रकर्म २.७ टक्के स्त्रियांस लागले, जांघेच्या मार्गानंतर एकीलाही नाही. उलट अशक्तपणा, बधिरता यांसारखी नाडीसंबंधी लक्षणे पहिल्या गटात ४ टक्के तर दुसऱ्यात ९.४ टक्के होती. एका मार्गाचा धोका टाळला की दुसऱ्या मार्गाचा पत्करावा लागतो.

स्वतःच्या ऊतीची पट्टी वापरली म्हणजे सर्व निर्धोक होते, असेही नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५५ स्त्रियांच्या अभ्यासात बर्च यांच्या पद्धतीने दोन वर्षांनी ताणाची गळती ४९ टक्के स्त्रियांची थांबली होती, स्वतःच्या ऊतीच्या झोळीने ६६ टक्के स्त्रियांची. परंतु लघवी होण्यातील अडचण झोळीच्या गटात १४ टक्के, बर्चच्या गटात २ टक्के. जी झोळी अधिक घट्ट धरते ती अधिक अडवते, हे ओघानेच आले.

व्यायामाच्या चिकित्सेविषयीही आपण प्रांजळ असावे. कटितलाच्या पेशींचे आकुंचन-व्यायाम केगेल यांनी १९४८ पासून प्रचारात आणले. सौम्य गळतीत ते निश्चित उपयोगी आहेत आणि शस्त्रकर्मापूर्वी किमान तीन महिने ते देखरेखीखाली करावेत, असे इंग्लंडमधील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. परंतु नेदरलँड्समधील ४६० स्त्रियांच्या, मध्यम ते तीव्र गळती असलेल्या गटात वर्षाअखेर शस्त्रकर्माने सुरुवात केलेल्यांपैकी ९०.८ टक्के स्त्रियांना बरे वाटले आणि व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी ६४.४ टक्के स्त्रियांना. व्यायामाच्या गटातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी पुढे शस्त्रकर्मच करून घेतले. जिचे घराबाहेर पडणे बंद झाले आहे तिला काढे देऊन वर्ष घालवणे हेही वैद्याचे वैगुण्यच आहे.

सुश्रुताचार्यांची सावधगिरी

अश्मरीच्या चिकित्सेत घृत, क्षार, कषाय, उत्तरबस्ती यांनी उपशम न झाल्यासच छेद सांगून, कुशल वैद्याच्या हातूनही येथे सिद्धी निश्चित नाही असे सुश्रुताचार्य म्हणतात, आणि अनुमती घेऊनच हे कर्म करावे असे बजावतात. त्याच अध्यायात, स्त्रियांत गर्भाशय मूत्राशयाला लागून असल्याने शस्त्र विशिष्ट रीतीने चालवावे, अन्यथा मूत्र स्रवणारा व्रण होतो, अशी सूचना आहे. या एका वाक्यात स्त्रियांच्या मूत्रसंस्थेवरील शस्त्रकर्माची व्यापद् आचार्यांनी स्पष्टपणे नोंदवली. ती आपण अभिमानाने सभांतून सांगतो. परंतु समोर बसलेल्या स्त्रीला 'तुमची लघवी सतत, झोपेतही, न खोकता गळते का?' हे विचारत नाही. तशी गळत असेल तर मूत्राशय-योनी यांत छिद्र पडल्याची शंका घ्यावी लागते आणि कोणतेही औषध देण्यापूर्वी तिला शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे लागते.

एक सूचना आमच्या पंचकर्म करणाऱ्या सहकाऱ्यांना. पूर्वी पट्टी बसवली आहे अशा स्त्रीला उत्तरबस्ती, योनिपिचू किंवा योनिधावन देण्यापूर्वी योनिपरीक्षण अवश्य करावे. बोटाला खरखरीत धागा लागला तर ते कर्म तेथेच थांबवावे. उघड्या पडलेल्या पट्टीवर तैलाचा पिचू ठेवून संसर्गाला घर करून देण्यात अर्थ नाही. मलावष्टंभ, जुना कास, स्थूलता यांची चिकित्सा मात्र शस्त्रकर्मापूर्वी आणि नंतरही आपल्याच हातची आहे, आणि ती मनापासून करावी. अतिस्थूल व वजनदार स्त्रियांच्या २००९ मधील एका अभ्यासात शरीरभार सुमारे ८ टक्के उतरल्यावर गळतीचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले होते.

शिक्षिकाबाईंची हकीकत राहिली. दुर्बिणीतून खडा फोडून आत आलेला पट्टीचा भाग काढण्यात आला. दाह आणि संसर्ग थांबले, परंतु शिंकताना लघवी सुटणे परत आले. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, उलट शाळेतील सवयीप्रमाणे म्हणाल्या, "मीच उत्तर अर्धवट लिहिलं होतं." त्या आता व्यायाम करतात, एरंडतैलाने कोठा साफ असतो, हिवाळ्यातला खोकला आटोक्यात आहे. दिवसाकाठी एखादा प्रसंग येतो. स्वतःच्या ऊतीची झोळी बसवून घ्यावी का, हा प्रश्न त्यांनी गेल्या भेटीत पुन्हा विचारला. आम्ही त्यांना चौदा आणि दोन टक्क्यांचा आकडा सांगितला, पुन्हा मूत्ररोध झाल्यास नलिका घालण्याची तयारी लागेल हेही सांगितले, आणि त्यांच्या मुलीसह शल्यतज्ज्ञांस एकदा भेटण्यास सुचवले. निर्णय अद्याप झालेला नाही.

आमच्या रुग्णपत्रकाच्या नव्या छपाईत पूर्ववृत्ताच्या रकान्याखाली दोन ओळी वाढवल्या आहेत : 'पिशवीचे ऑपरेशन — कोणती पिशवी? कागद पाहिला का?'